कुठली लाईन?

मुंबईत नव्या माणसाशी ओळख झाली की नाव आणि आडनावानंतरचा तिसरा प्रश्न ठरलेला असे: "लाईन कुठली?" उत्तरही एका शब्दाचं. वेस्टर्न, सेंट्रल नाहीतर हार्बर. त्या एका शब्दावरून समोरचा किती वाजता उठतो, कुठे गाडी बदलतो आणि पावसाळ्यात किती वेळा अडकतो, हे सगळं कळायचं. आमच्या चाळीतले जुने लोक तर वेस्टर्न-सेंट्रलही म्हणत नसत. त्यांच्या तोंडी 'बीबीसीआय' आणि 'जीआयपी' होतं. १९५१ साली रेल्वेने नावं बदलली, त्यांनी नाही बदलली. हार्बरला मात्र थोडं दुय्यम मानलं जाई. खरं तर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली ती व्हीटी ते कुर्ला, याच हार्बरच्या रुळांवरून. पण तो मान कुणी दिला नाही तो नाहीच.

स्थळं बघतानाही हा प्रश्न यायचा आणि तिथे मोठी गंमत व्हायची. "मुलगा कुठल्या लाईनचा?" असं मुलीकडच्यांनी विचारलं, की मुलाचा मामा अभिमानाने सांगणार, "बँकेच्या." मुलीच्या वडिलांना जाणून घ्यायचं असायचं की मुलगी दादरच्या अलीकडे राहणार की कल्याणच्या पलीकडे. धंदा, नोकरी, शिक्षण या सगळ्यांना आपण लाईन म्हणत आलो. प्रेसची लाईन, मेडिकलची लाईन, नाटकाची लाईन. "त्या लाईनीला लागला आणि वाया गेला" हे वाक्य नाटकवाल्यांइतकं कुणी ऐकलं नसेल.

शिवाय काही लाईनी चालत नाहीत, एका जागी वस्ती करून असतात. मरीन लाइन्स स्टेशनाचं नाव समुद्राकाठच्या रस्त्यावरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. ते पडलं मरीन बटालियन लाइन्स या लष्करी वसाहतीवरून. इंग्रजी अमदानीत पलटणीच्या बराकी ओळीने बांधत, त्या ओळींनाच लाइन्स म्हणत. नागपूरचं सिव्हिल लाईन्स, कोल्हापूरचा लाईन बाजार, गावोगावची पोलीस लाईन ही सगळी त्याच काळची नावं. पोलीस लाईनीतल्या कौलारू घरांच्या जागी आता बऱ्याच ठिकाणी टॉवर उभे राहिलेत, तरी रिक्षावाल्याला सांगायचं ते "पोलीस लाईनला घ्या" एवढंच.

आता मेट्रो आली आणि लाईनींना रंग चढले. पिवळी, लाल, जांभळी, केशरी. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही शहरांत एकेक 'ॲक्वा लाईन' आहे, म्हणजे नुसतं "ॲक्वाने ये" म्हटलं तर पाहुणा कुठल्या शहरात उतरेल सांगता येत नाही. तीन शहरांना मिळून एका रंगाचा एवढा लोभ का पडावा, मला अजून समजलेलं नाही.

पण आमच्या पिढीला लाईन म्हटल्यावर आधी आठवते ती उभं राहायची. रॉकेलची, साखरेची, पामतेलाची. पहाटे आरेच्या केंद्रावर दुधाच्या बाटल्यांची. मे महिन्यात गावाला जायच्या तिकिटासाठी रात्रभर, चादर घेऊन. रेशनच्या लाईनीत माणूस स्वतः उभा असायलाच हवा असं नव्हतं. वीट चालायची. पत्र्याचा डबा चालायचा, फाटकी पिशवी चालायची, त्यात एखादा दगड घातला की झालं. "ही वीट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची" हे सगळ्यांना माहीत असे, आणि दुकान उघडायच्या वेळी काकू येऊन विटेच्या जागी उभ्या राहत. वीट सरकवणाऱ्याची मात्र खैर नसे. कुठे कायदा लिहिलेला नव्हता, कुणी पोलीस उभा नव्हता. "मावशी, माझा नंबर धरा, मुलाला शाळेत सोडून आलेच" एवढ्या बोलीवर व्यवहार चाले.

त्या लाईनीत भांडणं जबरदस्त होत. मध्ये घुसणाऱ्याला "ओ साहेब, आम्ही काय इथे हवा खायला उभे आहोत का?" हे ठरलेलं. पण लोणच्याच्या मसाल्याची प्रमाणंही तिथेच कळत, कुणाच्या मुलीला दिवस गेले ते तिथेच समजे, आणि कुठल्या दुकानात तांदूळ बरा आला आहे याची बातमी दुकानदाराआधी लाईनीला असे.

तरी कुणी त्या दिवसांना सोन्याचा मुलामा देऊ लागलं की मला राग येतो. दोन तास उन्हात तापून खिडकीपर्यंत पोचावं आणि आतून 'स्टॉक संपला' अशी पाटी लागावी, हे ज्याने सोसलंय तो त्याची गाणी गाणार नाही. आणि उभं कोण राहायचं? बायका आणि पोरं. घरच्या पुरुषाचा वेळ मोलाचा, त्यांचा फुकटचा. अख्ख्या एका पिढीच्या बायकांची किती आयुष्यं त्या फूटपाथवर गेली असतील.

३ ऑगस्ट २००२ पासून रेल्वेचं तिकीट घरबसल्या काढता येऊ लागलं. २००९ मध्ये मुंबईत अकरावीचे प्रवेशही ऑनलाईन झाले आणि फॉर्मसाठी कॉलेजांच्या फाटकाबाहेर तिष्ठणारे आईबाप घरी गेले. हे उत्तमच झालं. मात्र लाईन मोडली असं ज्यांना वाटतं त्यांनी तत्काळचं तिकीट काढून पाहावं. एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. घरातले तिघे तीन फोन घेऊन बसतात, चाक गरगर फिरत राहतं आणि थांबतं तेव्हा पडद्यावर 'वेटिंग' आलेलं असतं. गणपतीत कोकणच्या गाड्यांचं बुकिंग उघडलं की हाच खेळ. पूर्वी मान उंचावली की पुढे किती डोकी आहेत ते दिसायचं, कोण घुसलं तेही दिसायचं आणि चार लोक मिळून त्याला मागे धाडायचे. आता वेटिंग दोनशे चौदा असा आकडा येतो. ते दोनशे चौदा जण कोण, ते आपल्या आधी कसे पोचले, हे कुणाला विचारायचं? भांडायलाही समोर कुणी नाही. लाईन आजही आहे, दिसत मात्र नाही, आणि मला वाटतं की नव्या व्यवस्थेत आपण खरं काही हरवलं असेल तर ते हेच आहे.

फोनच्या लाईनीचं दुःख वेगळं होतं. ती आधी मिळायची नाही आणि मिळाली तर लागायची नाही. फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं थांबत. तोवर लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापायचा आणि पुढे कंसात 'पी. पी.' लिहायचं. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाईटनिंग असे त्याचे वर्ग. लाईटनिंग बहुधा कुणी गेलं की लावायचा, म्हणून ऑपरेटरने तो शब्द उच्चारला की घरात शांतता पसरे. एसटीडी देशात १९६० साली कानपूर-लखनौपासून सुरू झाली, आमच्या गल्लीत पिवळ्या पाटीचा बूथ यायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. मग क्रॉस कनेक्शन. आपण मामाला पुण्याची खुशाली विचारतोय आणि मध्येच कुणीतरी कापसाचा भाव सांगतंय. "लाईन ठेवा हो, आमचं चालू आहे" असं ओरडायचं, तर तो कापूसवालाही तेच ओरडायचा. पाऊस झाला की लाईन डेड, आणि लाईनमन येईल तेव्हा येईल. आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे, आवाज स्वच्छ आहे आणि नंबर कुणाचाच पाठ नाही.

माझ्या विदर्भातल्या आजोळी लाईन म्हणजे वीज. मुंबईत लाईट जाते, तिथे "लाईन गेली." लोडशेडिंगच्या वर्षांत ती इतकी जायची की "लाईन आहे का?" हा खुशालीचाच प्रश्न झाला होता.

तरुणांची लाईन कुठली, ते वेगळं सांगायला नको. ती मारायची असे आणि नशीब असेल तर समोरून मिळायची. त्यासाठी बस स्टॉप, कॉलेजचा फी भरायचा काउंटर आणि चाळीची गॅलरी एवढी सामग्री पुरे. आजचं भांडण "रात्री एक वाजता ऑनलाईन होतास, मग माझ्या मेसेजला उत्तर का नाही दिलंस?" या वाक्याने सुरू होतं. आमच्या वेळी निदान गॅलरीतून आत जाण्याची सोय होती.

एक लाईन दर नोव्हेंबरात बँकांसमोर लागते. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण'वर घरूनही देता येतो, आणि पुढे चेहरा दाखवून देण्याची सोयही झाली. पण वयाने बोटांच्या रेषा झिजतात, अंगठा लागत नाही, फोन नातवाकडे असतो आणि नातू बंगळूरला. बँकेत जावं तर काउंटरवरची मुलगी सांगते, "आजोबा, आता सगळं ऑनलाईन आहे." सगळं ऑनलाईन करा, हरकत नाही. एक खिडकी उघडी ठेवा आणि तिच्यामागे माणूस बसवा, एवढंच बँकांकडे आणि सरकारकडे मागणं आहे. आणि तुमच्या मजल्यावर कुणी पेन्शनर एकटे राहत असतील, तर नोव्हेंबर लागल्यावर त्यांची बेल वाजवा आणि दाखला दिला का, ते विचारा.