फुकटचे सरपण

आमच्या गावात कुणी घरखर्च विचारला, तर लोक तांदूळ, तेल, वीज, औषधपाणी, मुलांची फी असा सगळा हिशेब बोटांवर मोजून सांगतात. त्यात सरपण कधी येत नाही. मुद्दाम विचारलेच तर उत्तर मिळते, “ते काय, फुकटच!” ज्या वस्तूसाठी खिशात हात घालावा लागत नाही, ती फुकट, असा आपला साधा समज असतो. गेली सहा-सात वर्षे आमच्या घरचे लाकूड मी फोडते आहे. त्या अनुभवाने ‘फुकट’ या शब्दाबद्दल माझे मत थोडे वेगळे झाले आहे. ते येथे मांडावे म्हणते.

आमचे गाव रेवदंड्याच्या खाडीपासून फार लांब नाही. एका बाजूला समुद्र, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांचा पट्टा, आणि मागे डोंगर. काश्मीर-हिमाचलाकडे घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळतात. आमच्याकडे तशी थंडी नाही. आमचे घर विस्तवाने तापवावे लागत नाही, वाळवावे मात्र लागते. आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. मिठाला पाणी सुटते, भिंती घाम फुटल्यासारख्या ओलसर होतात, धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो. अशा वेळी चुलीवर दोरी बांधून तिच्यावर कपडे टाकतात. माळ्यावरचे बियाणे धुराने टिकते, सुक्या मासळीला बुरशी लागत नाही, वाशांना कीड धरत नाही. स्वयंपाकाची चूल घरात आणि आंघोळीच्या पाण्याची पाणचूल मागच्या पडवीत, अशी दोन तोंडे पावसाचे चार महिने सांभाळावी लागतात. म्हणून मृग नक्षत्र लागण्याआधी सरपणाची बेगमी झालीच पाहिजे. एकदा पाऊस सुरू झाला की ओले लाकूड वाळवायला जागाही नसते आणि ऊनही नसते.

माझे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. म्हणजे ते घरी येतात तेव्हा पाऊस दाराशी उभा असतो आणि सरपणाचे दिवस संपलेले असतात. होळीपासून मेअखेरपर्यंत, जेव्हा लाकूड आणायचे, फोडायचे, वाळवायचे आणि रचायचे असते, तेव्हा घरात आई, मी, धाकटा भाऊ आणि आजी. त्यामुळे पुरुषाचे म्हणून समजले जाणारे कुऱ्हाडीचे काम आमच्याकडे आधी आजीने केले, मग आईने, आणि आता ते माझ्याकडे आले आहे.

लाकूड फोडण्यात जोराचे काम थोडे आणि पाहण्याचे जास्त, ही आजीची पहिली शिकवण. ओंडका हातात आला की आधी त्याचे कापलेले तोंड पाहायचे. वाळताना लाकडाला मधून कडेकडे बारीक चिरा पडतात. त्या चिरा म्हणजे लाकडाने आपणहून दाखवलेली वाट. घाव त्या वाटेवरच घालायचा. मोठ्या ओंडक्याच्या मधोमध घाव घालू नये, कुऱ्हाड रुतून बसते. कडेकडेने ढलप्या काढत आत जावे. फोडायचे लाकूड जमिनीवर न ठेवता दुसऱ्या रुंद बुंध्यावर उभे करावे, म्हणजे पाते मातीत शिरून बोथट होत नाही. पाय फाकवून उभे राहावे, म्हणजे घाव चुकला तरी नडगी वाचते. गाठ आली तर तिच्याशी भांडू नये. लाकूड फिरवून दुसऱ्या बाजूने पाहावे, आणि तरीही ऐकले नाही तर लोखंडी पाचर बसवून घणाने ठोकावे.

प्रत्येक झाडाचा स्वभावही वेगळा. आंबा गरीब. दोन घावांत मोकळा होतो, पण जळूनही लवकर जातो. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले, ते सरळ फाटतच नाहीत. आमच्याकडे चिंचेचा बुंधा फोडण्यापेक्षा त्यावर बाकीचे लाकूड फोडतात. सुरू मात्र ओला असतानाच फोडून घ्यावा. वाळला की तो लोखंडासारखा होतो आणि कुऱ्हाड उलटी उडते. पण जळणात त्याच्या तोडीचा दुसरा नाही. आच कडक आणि निखारा टिकाऊ. नागाव, आक्षी, काशीदच्या किनाऱ्यांवर सुरूची बने आहेत. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. वाऱ्याने पडलेल्या फांद्या आणि खाली साचलेला सुयांसारखा पाला तेवढा बायका गोळा करतात. तो पाला चूल पेटवायला रॉकेलाइतका कामाचा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. मी तेव्हा नववीत जाणार होते. टाळेबंदीमुळे शाळा बंदच होत्या. दुपारच्या दोन-तीन तासांत मुरूड, श्रीवर्धन, अलिबाग भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, ती काडीसारखी मोडून पडली. दुसऱ्या दिवशी गावात जिकडे पाहावे तिकडे लाकूडच लाकूड. तेव्हाही कुणीतरी म्हणाले, “चला, दोन वर्षांच्या जळणाची सोय झाली, तीही फुकटात.” ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते. त्याच पावसात मी पहिल्यांदा स्वतंत्रपणे कुऱ्हाड धरली. नारळाचे खोड फोडता येत नाही, हे तेव्हा कळले. त्याला इतर झाडांसारखी वर्षांची वलये नसतात. बाहेरून कठीण, आत भुसभुशीत, आणि सगळे धाग्यांनी विणलेले. घाव घातला की पाते धाग्यांत अडकते. पोफळ मात्र उभी सरळ चिरते. म्हणून तर पूर्वी तिच्या खोडाची पन्हळ करून वाड्यांना पाणी फिरवत. शेवटी वादळाने पाडलेली आंब्याची आणि सुरूची लाकडे आम्ही आधी उचलली. माडाची खोडे पुढची कितीतरी वर्षे वाड्यांच्या कडेला कुजत पडली होती.

फोडण्याच्या कामात मला पुढे गोडी वाटू लागली, त्याला एक कारण झाले. आईला सकाळी खोकला येतो. डोळे बाराही महिने लाल. अकरावीत असताना वाचनालयातल्या एका पुस्तकात मी वाचले की, ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असते. असे लाकूड चुलीत घातले की त्याची आच आधी ते पाणी उकळवण्यात खर्च होते. ज्वाला धरत नाही, लाकूड नुसते धुमसते, आणि धूर होतो. जाड लाकडाचेही तसेच. त्याला पेट घ्यायला वेळ लागतो, तोवर फुंकणी घेऊन बाईने चुलीत तोंड घालायचे. हेच लाकूड मनगटापेक्षा बारीक फोडून होळीनंतरच्या उन्हात महिना-दोन महिने मोकळे रचले तर ते झटकन पेटते आणि धूर पुष्कळ कमी होतो. वाळल्याची परीक्षा सोपी आहे. दोन फाटी एकमेकांवर आपटाव्या. ‘खण’ वाजले तर वाळले, ‘थप’ वाजले तर अजून ऊन पाहिजे.

म्हणजे मी एक ओंडका चार तुकड्यांऐवजी आठ तुकड्यांत फोडला, तर आईचे फुंकणे तेवढे कमी होते. हे लक्षात आल्यापासून मी सरपण बारीक फोडते. शेजारच्या काकू हसतात. “काय गं, सरपण फोडतेस का दातकोरणी करतेस?” हसू देत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. असल्या आकड्यात आपली आई कुठे बसते, हा विचार मनात आला की कुऱ्हाडीचा कंटाळा येत नाही.

आजीच्या काळी गावात धुराड्याच्या सुधारित चुली आल्या होत्या. आमच्याही घरात एक होती. नळी काजळीने भरली की धूर माघारी घरात येई, आणि कौलांवर चढून ती साफ करणारे माणूस बोटीवर. अखेर आजीने ती चूल मोडली आणि मातीची जुनी घातली.

आमच्यापेक्षा मोठी किंमत देणारी माणसे डोंगरात राहतात. बाजाराच्या दिवशी पहाटे कातकरी बायका डोक्यावर मोळ्या घेऊन उतरतात. कात पाडणारे म्हणून त्यांना कातकरी हे नाव पडले, असे म्हणतात. रानाशी त्यांचा संबंध नावातच आहे. दोन-तीन तास चालून आणलेल्या मोळीचा भाव करताना आपण पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. या लाकडापायी आपल्या जिल्ह्यात रक्तही सांडले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात, चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर, इंग्रजांचा जंगल कायदा मोडण्यासाठी गावकरी जमले. गोळीबार झाला, माणसे पडली. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता. १९८१ मध्ये तो रायगड झाला. चिरनेरला दरवर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन होते. स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात मीठ सर्वांना माहीत असते. सरपण आणि गवत यांसाठीही माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्या, हे आमच्या वर्गातल्या फार थोड्यांना माहीत होते.

आता कुणी विचारील, गॅस नाही का? आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि पुढे आमच्याही घरी आईच्या नावाने जोडणी आली. सिलिंडर ओट्याखाली आहे. त्यावर चहा होतो, पाहुण्यांचे पोहे होतात, माझा सकाळचा डबा होतो. भात, कालवण, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. असा १४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडे चार-चार महिने पुरतो. आईला विचारले तर म्हणते, “गॅसला पैसं पडतात, लाकूड फुकट हाय.”

मग गेल्या वर्षी मी एका वहीत नोंद ठेवली. होळीपासून मृगापर्यंत आईने आणि मी लाकूड गोळा करणे, वाहणे, फोडणे, उलटेपालटे करून वाळवणे आणि पडवीत रचणे यांत किती तास घातले, ते रोज रात्री लिहिले. बेरीज झाली १०४ तास. आठ तासांचा एक याप्रमाणे तेरा दिवस. वाडीत बाईला जो रोज मिळतो त्याने तेरा दिवस गुणले तर पाच सिलिंडरांचे पैसे झाले, म्हणजे सहा महिन्यांचा सगळा स्वयंपाक. चुलीपुढे बसून फुंकण्याचा वेळ मी यात धरलाच नव्हता. खोकल्याच्या औषधाचे पैसेही नाही.

मोठ्या उत्साहाने मी वही आईपुढे ठेवली. तिने चष्मा नसलेल्या डोळ्यांनी आकड्यांकडे पाहिले आणि म्हणाली, “बरा हाय हिशेब. पण त्या तेरा दिवसांत मना कोनी मजुरीला बोलवलं व्हतं का?”

या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातही मला ते सापडले नाही. आईचे म्हणणे खरे आहे. सिलिंडरचे पैसे एका दिवशी, एकरकमी, रोख हातात असावे लागतात. बाईची मेहनत घरात रोज असते, पण तिला गिऱ्हाईक नसते. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही ती फुकट ठरते, आणि मग तिच्यातून निघालेले सरपणही फुकट ठरते. सरपण स्वस्त नाही. त्यामागचे हात स्वस्त धरले गेले आहेत.

तरीही ती वही वाया गेली असे मला वाटत नाही. जूनमध्ये वडील घरी आले तेव्हा आईनेच ती त्यांच्यापुढे टाकली. ते बराच वेळ पाने उलटत बसले. पावसाचे चार महिने निदान सकाळचा स्वयंपाक गॅसवर करायचा, आणि पुढच्या हंगामाच्या उचलीतून आधी दोन सिलिंडरांचे पैसे बाजूला काढायचे, असे ठरले. चूल विझलेली नाही. आषाढात घर वाळवायला ती लागेल, आणि आंघोळीचे पाणीही पाणचुलीवरच तापेल. म्हणून मी यंदाही सरपण बारीक फोडणार आहे.

आपल्या महाविद्यालयात वाड्यांवरून, पाड्यांवरून आणि कोळीवाड्यांतून आलेल्या माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत. त्यांना माझे एकच सांगणे आहे. घरी एक वही घालावी आणि सरपण, पाणी, शेणगोठा यांवर आईचे किती तास जातात ते महिनाभर लिहून पाहावे. त्या तासांना कुणी मजुरी देईल असे नाही. पण घरखर्च सांगताना ‘ते काय, फुकटच’ हे शब्द त्यानंतर तोंडातून सहज निघणार नाहीत. लाकूड रानात फुकट असेल, पण चुलीपर्यंत ते चालत येत नाही. ते कुणीतरी वेचलेले असते, वाहिलेले असते, फोडलेले असते, आणि शेवटी डोळे चोळत फुंकलेले असते.