इर्जिकीचा सिनेमा

नगर जिल्ह्यात ऊन फुकट मिळतं. लघुपट करायला निघालेल्याला फुकट मिळणारी ही पहिली वस्तू. अकोले तालुक्यातली डोंगरपट्टी सोडली तर बाकीचा जिल्हा पर्जन्यछायेत. ढग सह्याद्रीवर रिते होऊनच इकडे येतात. पण या फुकटच्या उन्हाच्या खोडी फार. अकरानंतर ते असं उभं पडतं की टोपीखालचा चेहरा काळाठिक्कर आणि मागची भिंत झगझगीत. म्हणून काम सकाळच्या नाहीतर कलत्या उन्हात करायचं, आणि मधली दुपार बाभळीखाली भांडायला मोकळी ठेवायची. पटकथेत जे काही बरे बदल होतात ते या भांडणातच. कॅमेऱ्यासमोर कुणाला काही सुचत नाही, भाकरी खाल्ल्यावर सुचतं.

ज्या स्पर्धेसाठी हा खटाटोप ती म्हणजे तरी काय, चार गावच्या पोरांनी आपापसात लावलेली पैज. विषय एक, मुदत एक, लांबी दहा मिनिटांच्या आत. जिंकणाऱ्याला ढाल आणि हरणाऱ्यांच्या पैशाने मिसळ.

पूर्वी कुणाची नांगरट अडली की इर्जिक घालत. बाकीचे आपापली बैलं-औतं घेऊन त्याच्या रानात उतरत. मजुरीचं नाव काढायचं नाही, ज्याचं रान त्याने पोटभर जेवायला घालायचं, आणि उद्या दुसऱ्याच्या रानात जायचं. आमचा लघुपट अगदी तसाच उभा राहतो. एकाचा कॅमेरा, दुसऱ्याचा माइक, तिसऱ्याच्या मामाची म्हैस. गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा हाच रिफ्लेक्टर आणि अंगणवाडीतली पाटी हाच क्लॅप. धावता शॉट हवा असेल तर कॅमेरामन दुचाकीवर उलटा बसतो आणि पाठीमागून त्याचा सदरा धरायला एक दणकट गडी लागतो. या गड्याला श्रेयनामावलीत काय म्हणून घालायचं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

नट सगळे शेतकरी. शेतीपंपाची थ्री-फेज वीज ठरल्या तासांत यायची असते, पण येते भलत्याच वेळी. इकडे प्रसंग रंगात आलेला असतो. मुलीचं लग्न मोडल्याचं ऐकून बाप मटकन खाली बसतो, डोळ्यांत खरं पाणी येतं आणि नेमकी बांधावरून हाळी येते, ‘लाइट आली!’ बाप उठतो, उपरण्याने डोळे पुसतो आणि मोटर चालू करायला निघतो. आई खोरं घेऊन मागोमाग दारं धरायला. ‘काका, फक्त एक टेक!’ म्हणून दिग्दर्शक गयावया करतो. ‘तुझा टेक थांबल बाळा, लाइट नाही थांबायची.’ या उत्तरावर जगातल्या कुठल्याही दिग्दर्शकाकडे तोड नसेल.

आवाजाचं दुखणं याहून मोठं. चित्र चौकटीत कोंबता येतं, आवाज नाही. ट्रॅक्टर, देवळाचा भोंगा, शेळ्या. सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या दिमाखात उभ्या आहेत. चित्रात त्या देखण्या दिसतात, पण त्यांना फिरवणारा वारा माइकात शिरला की नायिकेचं कुजबुजणं संपलं. अशा वेळी मला नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ हा चित्रपट आठवतो. त्यातल्या गोष्टीचं गाव अकोळनेर, नगरच्या जवळचंच. डुकरामागे जीव खाऊन धावणारं ते कुटुंब, हातातोंडाशी आलेलं डुक्कर, आणि शेजारच्या शाळेत सुरू झालेलं राष्ट्रगीत. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. प्रसंग अर्थातच लिहिलेला आहे. पण लिहिणाऱ्याने गावात कुठून कसला आवाज येतो हे कान देऊन ऐकलं होतं. आम्ही मात्र आवाज बंद करायला माणूस धाडतो.

नागराज मंजुळे करमाळ्याकडच्या जेऊरचे, पण सिनेमाचा अभ्यास त्यांनी केला तो नगरला, न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात. अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. चोरीच्या धंद्यात ढकलला गेलेला आणि शाळेकडे ओढला जाणारा एक पोरगा, एवढीच गोष्ट. त्यातला सूरज पवार पुढे ‘फॅन्ड्री’तही दिसला आणि २०१६च्या ‘सैराट’मध्येही. इर्जिकीला एकदा आलेला गडी असा पुढच्या रानातही येतो. तेव्हापासून नगरच्या कुठल्याही कॉलेजकट्ट्यावर कॅमेरा हातात घेतलेल्या पोराला आपली वाट जेऊरवरून जाते असं वाटतं. वाटू द्यावं. भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ या चित्रपटासाठी शेतजमीन विकली, तीही गोष्ट या पोरांना पाठ असते, ती सांगताना आवाज मात्र जरा खाली येतो, कारण घरात सातबारा बापाच्या नावावर असतो. लघुपटात रान विकावं लागत नाही, नुसतं मागून आणावं लागतं.

आणि हे मागून आणणं काही आजचं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटीशी फिल्म केली होती. आपल्याकडच्या लघुपटांची वंशावळ मांडायची तर मूळ पुरुषांत हा वाटाणाही आलाच. पुढे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई युनिटचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्मच्या पट्टीला भोकं पाडत. ‘राजा हरिश्चंद्र’त राणी तारामती झाले ते साळुंके उपाहारगृहात कामाला होते. म्हणजे या धंद्याचा पायाच, जो हाताशी आहे त्याला उभं करायचं, यावर घातलेला.

अमेरिकेत २००१पासून अठ्ठेचाळीस तासांत लघुपट करायची स्पर्धा चालते. ऐनवेळी चिठ्ठीतून प्रकार निघतो, आणि एक पात्र, एक वस्तू, एक वाक्य सगळ्यांनी वापरायचंच. आमच्याकडे असा नियम घातला तर वस्तू म्हणून खोरं निघेल आणि वाक्य म्हणून ‘लाइट आली’. पण मुदतीचं महत्त्व तिथेही तेच आणि इथेही तेच. मुदत नसेल तर चांगला दिग्दर्शकही पटकथेवर वर्षभर बसून राहतो. सोमवारी सकाळी फाइल द्यायची आहे म्हटल्यावर मात्र वहिनी पिवळी साडी देते, सरपंच चावडीची किल्ली देतात आणि एरवी बोलत नसलेले दोन चुलतभाऊ एका चौकटीत उभे राहतात. चौकटीत येणाऱ्यांपैकी कुणाला अभिनय येत असेलच असं नाही. दुसऱ्या संघाची फिल्म बघताना मात्र आपल्याला सगळं कळतं. संवाद कुठे पडला, सावली कुठे उलटली, शर्ट कधी बदलला.

हे दुसरे संघ म्हणजे खरं तर आम्हीच. चौघांत मिळून बरा ट्रायपॉड एक आणि एडिटिंगला तग धरेल असा लॅपटॉप एक. म्हणून आमची फिल्म कापणारा आणि त्यांची कापणारा मुलगा एकच असतो, आणि कुणाच्या गुपिताला काही अर्थ उरत नाही. शेवटच्या रात्री तो दोन्हीकडच्या खुर्च्यांत अडकलेला असतो; आम्ही त्याला चहा पाजतो, ते वडापाव. तो दोन्हीकडे ‘तुमचीच बरी झालीय’ असं सांगतो. निकाल लागतो, ढाल पारनेरच्या पोरांना जाते, आणि त्यांच्या फिल्ममध्ये दुचाकीवर सदरा धरून बसलेला गडी आमचाच असतो. मिसळीच्या टेबलावरच पुढचं ठरतं. येत्या रविवारी जामखेडकरांचं शूटिंग आहे, विहिरीवरचा प्रसंग. ट्रायपॉड, पाटी, चंदेरी पडदा सगळं तिकडे पोचवायचं. शेळ्या हाकायला एक माणूस कमी पडतोय म्हणतात.