खंडीचा हिशेब आणि शुगर

धानाचे माप खंडी-कुडवांत सांगणारे जुने लोक भंडारा जिल्ह्यात अजून भेटतात. लाखनी तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी त्यांतलेच. तुमसरच्या बाजारात व्यापाऱ्याने कॅल्क्युलेटर काढेपर्यंत गुरुजी खंडीचे क्विंटल आणि क्विंटलचे रुपये करून मोकळे होत. पन्नाशीत त्यांना शुगर निघाली. अंगाने काटकुळे, सायकलवर शाळेत जाणारे. गावाला नवलच वाटले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना वाटले नसते. त्यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखेच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, असा हा भारतीय देह.

गुरुजींनी चहातली साखर सोडली, पाय जपले, वर्षातून एकदा डोळे दाखवले. डोक्याचे कुणी काही सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही.

साठीनंतर हिशेबाला वेळ लागू लागला. उत्तर बरोबर येई, पण उशिरा. दुकानदाराने परत दिलेली चिल्लर तळहातावर धरून ते उभे राहत. दोन माणसे एकदम बोलू लागली की धागा सुटे. घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणून विषय मिटवला. गंमत अशी, की पावकी-निमकी अजून तोंडपाठ होती! म्हणून तर कुणाला काळजी वाटली नाही. पण मधुमेहात बहुधा हेच घडते. जुने पाठांतर टिकते. मंदावतो तो विचाराचा वेग, आणि एका वेळी दोन गोष्टी सांभाळण्याचे कसब. बहुतेकांत ही घसरण थोडी असते, एखाद्या हुशार माणसाला तर ती वर्षानुवर्षे झाकता येते.

हे काही आजकालचे ज्ञान नाही. १९२२ साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले. त्याच वर्षी बोस्टनमधले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स आणि डॉक्टर हॉवर्ड रूट यांनी मधुमेहींच्या स्मरणाच्या आणि अवधानाच्या चाचण्या छापल्या होत्या. रुग्ण इतरांपेक्षा मागे पडत होते. पुढे १९९९ मध्ये रॉटरडॅमच्या अभ्यासात मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. एवढी जुनी गोष्ट आपल्या दवाखान्यांत पाय आणि डोळ्यांच्या मागे का राहावी, हे कोडेच आहे. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, खर्च मात्र पाचव्या हिश्शाचा, आणि साखर साठवून ठेवायला त्याच्याकडे कणगी नाही. येईल त्या रक्तावर त्याचे भागते. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की त्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. एकदम उतरली तर काही मिनिटांत माणूस गोंधळतो.

गुरुजींच्या सुस्तीत आणखी एक भागीदार निघाला. मेटफॉर्मिनची गोळी ते बरीच वर्षे घेत होते. औषध चांगले, स्वस्त, जगभर चालणारे; पण दीर्घकाळ घेतल्यास शरीरातले बी-१२ कमी होऊ शकते. त्यात माणूस शाकाहारी असला तर आणखीच. बी-१२ उतरले की पायांना मुंग्या येतात, विसरभोळेपणा वाढतो, आणि दोन्हींचे खापर शुगरवर फुटते. गुरुजींचे बी-१२ खरोखरच तळाला होते. इंजेक्शनांनी चालणे सुधारले, मन थोडे उजळले. सगळे काही परतले नाही.

पूर्व विदर्भात आणखी एक गुंता आहे, तो पुण्या-मुंबईच्या आरोग्यविषयक लेखांत क्वचितच सापडतो. इथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण बरेच आहे. ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून जी तपासणी सगळे करतात, ती लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि पेशी सुमारे १२० दिवस जगते असे धरून चालते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी त्याच्या कितीतरी आधी मरतात. त्यामुळे साखर चढी असूनही कागदावर आकडा गोड दिसतो. वाहकांमध्येही तो किंचित खाली येऊ शकतो. अशा घरात बोटातून काढलेल्या थेंबावर जास्त भरवसा ठेवलेला बरा.

गुरुजींचा मुलगा शहरात नोकरीला. वडिलांचे डोके मंदावले ते साखरेमुळे, मग साखर आणखी खाली आणा, असा त्याने हट्ट धरला. एक गोळी वाढली. ही नवी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती, जेवण झाले की नाही याची वाट ती पाहत नाही. रोवणीचे दिवस. पऱ्हे काढणे चालू, शिदोरीला उशीर. दुपारी गुरुजी बांधीच्या धुऱ्यावर घामाने निथळत उभे होते, मजुरांवर विनाकारण चिडत होते, मजुरीचे पैसे दोनदा वाटत होते. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाला एकाने दबकत विचारले, “घेतली का जी, गुरुजी?” मोहाच्या मुलखात हा संशय स्वाभाविक होता. रोवणीला आलेल्या एका बाईच्या सासूला शुगर होती. त्या बाईने ओळखले, साखरपाणी पाजले. थोड्याच वेळात गुरुजी स्वतःच मजुरी पुन्हा मोजू लागले.

असे झटके साधे नसतात. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ वयस्क मधुमेहींची पाहणी प्रसिद्ध झाली. साखर उतरून ज्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला. साखर फार कडक ठेवल्याने विचारशक्ती परत येते, असेही नाही. ‘ॲकॉर्ड’ या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीचे मेंदूविषयीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. कडक नियंत्रणातल्या रुग्णांच्या मेंदूचे आकारमान थोडे जास्त टिकले, पण परीक्षेतले गुण दोन्ही गटांत सारखेच राहिले. मुलाचा हट्ट प्रेमाचा होता, पण चुकीचा. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी बंद केली आणि साखरेची मर्यादा थोडी सैल ठेवली.

घरात शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे कुणी असेल, तर रोवणीला, कापणीला, उपासाच्या दिवशी त्याच्या खिशात साखरेची पुडी ठेवा. साखर ७० च्या खाली गेली किंवा माणूस अकारण चिडला, बरळू लागला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग जेवायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.