नराराच्या ओहोटींत

धाकट्या जावयांची बदली जामनगरास झाली, त्या निमित्तानें गेल्या माघांत कच्छच्या आखातावर जाण्याचा योग आला. जामनगरापासून सुमारें ६० किलोमीटरांवर नरारा म्हणून ठिकाण आहे. १९८२ सालीं स्थापन झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग. इतरत्र प्रवाळखडक पाहावयाचे तर बहुधा पाण्यांत बुडी मारावी लागते. येथें ओहोटीला समुद्र दूर हटतो आणि माझ्यासारखा साठी उलटलेला मनुष्यहि काठी टेकीत तेथवर जाऊं शकतो.

वाटाड्यानें प्रथमच बजाविलें, "दादा, प्रवाळावर पाय देऊं नका, तें जिवंत आहे."

मी थबकलों. पंचवीस वर्षांपूर्वीं संस्कृतच्या तासाला मीं सांगितलें होतें कीं, प्रवाल म्हणजे कोवळा अंकुर, तसेंच पोवळें. विद्रुम शब्दांत तर द्रुमच आहे. तेव्हां पोवळें ही समुद्रांतील वनस्पति होय. मागच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, तो प्राणी असतो." "अमरसिंहापेक्षां तुला अधिक कळतें काय?" असें विचारून मीं वर्गाला हंसविलें. त्यानंतर वर्षभर त्यानें कांहींहि विचारलें नाहीं.

घोटाभर पाण्यांतून आम्ही चाललों. एका डबक्यांत समुद्रफूल उमललें होतें; सावली पडतांच त्यानें आपल्या पाकळ्या मिटल्या. त्या पाकळ्या नव्हेत, भक्ष्य पकडण्याचे दंश करणारे हात होत. वाळूंत समुद्रकाकडी पडली होती. ती वाळू गिळून तींतील अन्नांश घेते. फार त्रास दिल्यास कांहीं जातींच्या काकड्या स्वतःचीं आंतडींच बाहेर टाकतात आणि पुढें तीं नवीं उगवतात! दगडाआडचा अष्टपाद पाहतां पाहतां दगडाच्याच रंगाचा झाला. त्याला तीन हृदयें असतात, आणि रक्तांत तांबें असल्यामुळें तें निळें असतें. यांपैकीं एकालाहि पाठीचा कणा नाहीं.

शेवटीं एका गोलसर प्रवाळावर शेंकडों बारीक फुलें दिसलीं. वाटाड्यानें पाणी हालवितांच तीं आंत शिरलीं. प्रत्येक फूल म्हणजे एक प्राणी. तोच चुन्याचें घर बांधतो. फ्रेंच वैद्य पेसोनेल यानें १७२० नंतरच्या दशकांत हेंच सांगितलें, तेव्हां पॅरिसच्या विद्वानांनीं त्याचें म्हणणें मानलें नाहीं. म्हणजे माझ्या जातीचे पंडित तेथेंहि होते!

मात्र या प्राण्याच्या देहांत सूक्ष्म शेवाळ राहतें आणि सूर्यप्रकाशावर त्याला अन्न पुरवितें. पाणी फार तापलें म्हणजे तें निघून जातें व प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ सालीं जगांतील अनेक समुद्रांत असें झालें. दागिन्यांतील तांबडें पोवळें निराळें, त्याच्या देहांत हें शेवाळ नसतें.

परततांना नात म्हणाली, "आजोबा, एक तुकडा नेऊं या?" मीं नको म्हटलें. कायद्यानें तर बंदी आहेच; पण कोणाचें घर मोडून आपली खिडकी कशाला सजवावी?

त्या विद्यार्थ्याचा पत्ता मजजवळ नाहीं. हें मासिक त्याच्या घरीं जात असेल तर त्यानें एवढेंच वाचावें: बाळ, तुझें उत्तर बरोबर होतें.