स्वयंपाकघरात काहीच सापडलं नाही

सुझन ग्लास्पेलची 'ट्रायफल्स' ही १९१६ सालची एकांकिका वाचायला अर्धा तास पुरतो. 'ट्रायफल्स' म्हणजे फुटकळ, बिनमहत्त्वाच्या गोष्टी. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एकलकोंडं शेतघर, कडाक्याची थंडी. जॉन राइट नावाच्या शेतकऱ्याचा झोपेत दोरीने गळा आवळला गेलाय आणि बायको मिनी तुरुंगात आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारचा हेल पुरावे शोधायला येतात. सोबत शेरीफची आणि हेलची बायको. मिनीला हवा असलेला एप्रन, कपडे वगैरे घेऊन जायला.

मिनी रंगमंचावर एकदाही येत नाही.

पुरुष स्वयंपाकघरावर एक नजर टाकतात. थंडीने गोठून फुटलेल्या फळांच्या बरण्या, कळकट टॉवेल, तशीच पडलेली भांडी. बाईला घर सांभाळता येत नव्हतं, असा शेरा मारून ते माडीवर आणि मग गोठ्याकडे जातात. त्यांना हवाय खुनामागचा हेतू. तो मिळाला नाही, तर ज्यूरी बाईला सोडून देईल अशी वकिलाला धास्ती आहे.

बायका तिथेच थांबतात. त्यांना दिसतं की टेबल अर्धंच पुसलंय. (मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. मधेच तुटलेलं काम सगळ्यात जास्त बोलतं, हे मला कामातून कळलं. या बायकांना वेगळं शिकावं लागलं नाही.) मग क्विल्ट सापडते. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीची चुलत बहीण. सगळे टाके एकसारखे, सुबक, आणि एका तुकड्यावर एकदम वेडेवाकडे. ज्या हातांनी आधीचे घातले, त्याच हातांनी हेही घातलेत. मिसेस हेल काय करते? ते टाके उसवते आणि नीट घालायला घेते.

मला हा या नाटकातला सगळ्यात धक्कादायक क्षण वाटतो. शिवणाच्या टोपलीतल्या डबीत मान पिरगाळलेला कॅनरी सापडतो तो नंतर. तोपर्यंत पुराव्याशी छेडछाड सुरू झालेली असते, तीही सवयीच्या हाताने, बोलता बोलता.

मग पिंजऱ्याच्या दाराची मोडलेली बिजागरी, लग्नाआधी गाणारी मिनी, तिचं मूल नसलेलं, गप्प घर. सगळं जुळत जातं. पण जॉनने पक्षी मारताना कुणी पाहिलेलं नाही. तो दारू पीत नव्हता, देणी वेळेवर फेडायचा, हेही मिसेस हेलच कबूल करते. त्याची बाजू मांडायला कुणीच नाही. इथे मी दर वेळी अडखळतो. पुरुषांचा तपास जितका एकतर्फी, तितकाच हा निवाडाही. फरक एवढाच की या बायकांना त्या घरातली शांतता ठाऊक आहे. मिसेस पीटर्सचं पहिलं मूल डकोटातल्या ओसाड माळावर दोन वर्षांचं होऊन गेलं होतं. आणि मिसेस हेलला टोचतंय ते वेगळंच: आपण इथे अधूनमधून चक्कर का टाकली नाही? तिच्या लेखी तोही गुन्हाच, आणि त्याची चौकशी करणारा शेरीफ नसतो.

शेवटी वकील गमतीने विचारतो, ती क्विल्ट शिवणार होती की गाठी मारणार होती? डबी तेव्हा मिसेस हेलच्या कोटाच्या खिशात असते.

नाटकाला खरा खटला आहे. २ डिसेंबर १९०० रोजी आयोवात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा अंथरुणातच कुऱ्हाडीने खून झाला. शेजारी झोपलेली बायको मार्गारेट म्हणाली, वार झाले तेव्हा मी झोपेत होते. चोविशीतली ग्लास्पेल तेव्हा 'डे मॉइन डेली न्यूज'ची वार्ताहर होती आणि खटल्याच्या बातम्या तीच देत होती. ज्यूरीत सगळे पुरुष होते, कारण आयोवात बायकांना ज्यूरीत बसताच येत नव्हतं. १९०१ मध्ये मार्गारेटला जन्मठेप झाली. पुढच्या वर्षी आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. १९०३ मध्ये पुन्हा खटला चालला, तेव्हा ज्यूरीचं एकमत झालं नाही.

१९१७ मध्ये ग्लास्पेलने हीच गोष्ट कथा म्हणून लिहिली आणि नाव दिलं 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स', तिच्या बरोबरीच्यांची ज्यूरी. नाटकाच्या पहिल्या प्रयोगात, प्रॉव्हिन्सटाउनच्या धक्क्यावरच्या छोट्या थिएटरात, मिसेस हेलची भूमिका तिने स्वतः केली होती.