थकल्या बैलाची दावण

बैल थकला की त्याला बाजाराची वाट दाखवावी, की दावणीला बांधून वैरण घालावी, हा पेच एकट्या शेतकऱ्याला पडतो असे थोडेच आहे? म्युनिकच्या बायर्न या फुटबॉल क्लबचेच पाहा ना! त्याच्या मैदानाला नाव आहे ते एका विमा कंपनीचे. २०२२ साली गोलांचा बादशहा लेवांडोवस्की 'जातो' म्हणाला, तेव्हा याने बार्सिलोनाकडून चोख किंमत मोजून घेतली. असा हा हिशेबी गडी!

पण गेर्ड म्युलरची गोष्ट ऐका. जर्मन लीगमध्ये ३६५ गोल करून तो १९७९ साली अमेरिकेला गेला आणि पुढे दारूच्या आहारी गेला. त्याच्यापासून आता नफा तो कसला? तरी १९९१ साली जुने सोबती धावले. त्यांनी उपचार करविले आणि मग क्लबातच पोरांना शिकविण्याचे काम दिले.

आमच्या आळीतल्या निवृत्त हेडक्लार्कांना पेन्शन वेळेवर मिळते; पण दहाच्या ठोक्याला त्यांचा जीव अजून कासावीस होतो. म्हणून म्हाताऱ्याला पैसे किती दिले हे मी विचारीत नाही. सकाळी उठून जायला त्याला जागा ठेवली का, एवढेच पाहतो.