उसन्या वाटांवरचा वेग

नाशिक रोडच्या पूर्वेला, गोदावरीच्या काठाजवळ वसलेले एकलहरे औष्णिक वीजकेंद्रामुळे ओळखले जाते. १९७०-७१ साली येथे प्रत्येकी १४० मेगावॅटचे पहिले दोन संच सुरू झाले, १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच जोडीला आले, आणि पहिले दोन निवृत्त झाल्यावर केंद्राचा सारा भार या तिघांवर आला. लांबून दिसणाऱ्या चिमण्या, कोळशाच्या वाघिणी आणि राखेची करडी छटा एका बाजूला, तर द्राक्षबागांची हिरवी ओल दुसऱ्या बाजूला, असे दोन स्वभाव या पट्ट्यात शेजारी नांदतात. यंत्राचा आवाज इथल्या माणसाला परका नाही. आणि मोटार-शर्यतीच्या जागेचे वातावरण डोळ्यांआधी कानांनाच जाणवत असल्याने, नाशिक आणि शर्यत यांच्या नात्याचा विचार एकलहऱ्यापासून सुरू करणे स्वाभाविक वाटते.

सर्किट म्हणजे इतर वाहतुकीला बंद असलेली आणि आरंभरेषेशी परत येऊन मिळणारी वाट. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे खास शर्यतींसाठी अशी वाट प्रथम बांधली गेली, आणि वेगात आलेली मोटार वळणावर बाहेर फेकली जाऊ नये म्हणून तिची वळणे बाहेरच्या अंगाने उंच उचलली गेली. १९२२ मध्ये इटलीतील मोंझा तयार झाले. कुशल चालक वळणाच्या बाहेरच्या कडेने येतो, आतल्या कडेवरील ‘एपेक्स’ या बिंदूला चाक भिडवतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडे सरकतो, म्हणजे वळणाचा बाक सौम्य होऊन वेग टिकतो. या मार्गाला ‘रेसिंग लाइन’ म्हणतात. तीच ती रेषा शेकडो वेळा घासली गेल्याने डांबरावर टायरच्या रबराचा काळा पट्टा बसतो आणि तिथे चाकाला घट्ट पकड मिळते, तर पट्ट्याबाहेर रबराचे सुटे कण साचून तीच सडक निसरडी होते. दिवसभरात गेलेल्या प्रत्येक मोटारीची नोंद अशी सडकेवरच उमटते, आणि स्थायी सर्किटाचे खरे वैभव या साठत जाणाऱ्या स्मृतीत आहे.

भारतात ही स्मृती प्रथम उसन्या जागांवर साठली. मुंबईत जुहूच्या विमानतळावर, जिथे १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते, तिथेच पुढे मोटारींच्या शर्यती झाल्या. मद्रासजवळ शोलावरमची जुनी हवाईपट्टी अनेक दशके शर्यतवेड्यांची पंढरी होती. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनही मूळचे युद्धकाळातील हवाई तळच, परंतु १९४८ नंतर ते शर्यतींचे कायमचे घर झाले. जुहूच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. मद्रासकरांनी मात्र इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० मध्ये स्वतःचे सर्किट उभे केले, आणि या जिद्दीचे मोल मोठे आहे.

नाशिकची परंपरा सर्किटाची नव्हे, रॅलीची आहे. राष्ट्रीय रॅली स्पर्धेची ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी नाशिक परिसरात भरत आली. रॅलीत मोटारी एकमेकींशेजारी धावत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक मोटार सुटते, गावाबाहेरच्या बंद केलेल्या रस्त्याचा तुकडा, म्हणजे ‘स्पेशल स्टेज’, कमीत कमी वेळात पार करते, आणि सर्व तुकड्यांच्या वेळांची बेरीज निकाल ठरवते. चालकाच्या शेजारी बसलेला को-ड्रायव्हर आधीच्या पाहणीत लिहिलेली वही मांडीवर धरून पुढचे वळण डावे की उजवे, किती तीव्र, किती मीटरवर, त्यामागे चढ आहे की खड्डा, हे न थांबता वाचत जातो, कारण मुरमाच्या वाटेवर पुढल्या मोटारीची धूळ खाली बसण्याआधी डोळ्यांचा भरवसा उरत नाही. पाऊस पडून गेला की काळ्या मातीच्या वाटेचा स्वभाव पार पालटतो, आणि सकाळी लिहिलेली वही दुपारी अपुरी पडते. निसर्गाशी आणि जमिनीशी इतके जवळचे नाते कोणत्याही डांबरी सर्किटाला साधत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

तरीही उसन्या वाटेची एक जबर किंमत असते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील राष्ट्रीय रॅलीत शर्यतीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक दुचाकी आली, भरधाव मोटारीने तिला धडक दिली आणि एकाच कुटुंबातील तिघांचा जीव गेला. रोजच्या वहिवाटीचा रस्ता काही तासांपुरता परका होतो, हे प्रत्येक वाटसरूपर्यंत पोहोचवणे किती अवघड असते, ते या दुर्घटनेने दाखवून दिले. बंदिस्त सर्किटात कुंपण आहे, झेंडे दाखवणारे मार्शल आहेत, सुटलेली मोटार रुतून थांबावी म्हणून वळणांबाहेर खडीचे पट्टे आहेत.

वेगाचे वेड महाराष्ट्राला नवे नाही. २०१४ च्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने वाट मोकळी केली, तेव्हा बैलगाडा शर्यतींचे घाट लगेच पुन्हा गजबजले, आणि सेकंदाच्या फरकावर वाद घालणारा जाणता प्रेक्षक तिथे आजही दिसतो. महिंद्राच्या नाशिक येथील कारखान्यातून बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या मोटारी बाहेर पडतात, अहिल्यानगरच्या वाहन संशोधन संस्थेत चाचणीमार्ग आहेत. पण प्रेक्षकांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी पूर्ण लांबीचे सर्किट नाशिकजवळ नाही, ही उणीव मनाला लागते. ग्रेटर नोएडातील पाच किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किटावर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वन झाली आणि करांच्या वादात ती थांबली, म्हणून तेवढ्या खर्चाचा हव्यास धरण्याचे कारण नाही. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे, आणि तेवढ्यावरही चालकांच्या पिढ्या घडतात. एकलहऱ्यासारख्या, उद्योगाने आधीच वापरलेल्या आणि लोहमार्ग जवळ असलेल्या पट्ट्यात तेवढी जागा शोधून, पिकाखालची जमीन न घेता आणि गावाची संमती मिळवून अशी वाट बांधता आली, तर रात्री महामार्गावर जीव धोक्यात घालून दुचाक्या पळवणाऱ्या पोरांना हेल्मेट, प्रशिक्षक आणि रुग्णवाहिकेसह वेग शिकण्याची हक्काची जागा मिळेल.